मॅनेजर बदलताना या चुका टाळा: मँचेस्टर युनायटेडचा धडा

मॅनेजर सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी मे 2013 मध्ये निरोप घेतला, तेव्हा युनायटेडने 11 गुणांच्या आघाडीने इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली होती. पुढच्या बारा मोसमांत ती एकदाही हाती लागली नाही. मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग, अमोरिम... मॅनेजरांची नावं बदलत गेली. माझ्या मते दोष या माणसांपेक्षा निवडीच्या क्रमात आहे. आधी माणूस ठरतो आणि क्लबला कसा फुटबॉल खेळायचाय, हा प्रश्न नंतर पडतो.

चूक पहिली: सगळी घडी एकदम मोडणं

मोयेस यांचं नाव खुद्द फर्ग्युसन यांनी सुचवलं आणि क्लबने सहा वर्षांचा करार दिला. त्याच उन्हाळ्यात मुख्य कार्यकारी डेव्हिड गिल यांनीही पद सोडलं. म्हणजे संघ चालवणारा नवा आणि सौदे करणाराही नवा. परिणाम लगेच दिसला. एव्हर्टनच्या फेलायनीला करारातल्या कलमानुसार जुलैअखेरपर्यंत 2 कोटी 35 लाख पौंडांत घेता आलं असतं. ती मुदत टळली आणि खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत (ट्रान्सफर विंडो) संपण्याच्या शेवटच्या दिवशी त्याच खेळाडूसाठी 2 कोटी 75 लाख मोजावे लागले.

त्याहून महागात पडलं ते प्रशिक्षकांना घालवणं. माइक फेलन, रेने म्यूलेनस्टीन, गोलकीपरांचे प्रशिक्षक एरिक स्टील गेले आणि त्यांच्या जागी मोयेस यांची एव्हर्टनमधली माणसं आली. 9 फेब्रुवारी 2014 ला ओल्ड ट्रॅफर्डवर फुलहॅम आला, गुणतक्त्यात तळाला असलेला संघ. युनायटेडने त्या दिवशी 80 च्या आसपास क्रॉस, म्हणजे बाजूने गोलसमोर उंच पास टाकले. फुलहॅमचे उंच बचावपटू डोक्याने चेंडू परतवत राहिले. भरपाई वेळेत डॅरेन बेंटने गोल केला आणि सामना 2-2 असा सुटला. फुलहॅमचे मॅनेजर होते म्यूलेनस्टीन! वर्षभरापूर्वी युनायटेडचा सराव घेणारा माणूस समोरच्या बाकावर बसून युनायटेडला अडवत होता. एप्रिलमध्ये मोयेस गेले, संघ सातवा आला.

म्हणून करारावर सही होण्याआधीच जुन्यांपैकी कोण राहणार, हे क्लबने ठरवावं. नव्या मॅनेजरने आपली दोन-तीन माणसं जरूर आणावीत, पण ड्रेसिंग रूमची नस ओळखणारं कुणीतरी आत राहिलंच पाहिजे.

चूक दुसरी: लाटेवर सही करणं

डिसेंबर 2018 मध्ये सोल्शायर मोसमापुरते आले आणि पहिल्या 19 पैकी 14 सामने जिंकले. चॅम्पियन्स लीगच्या दोन सामन्यांच्या लढतीत पीएसजीकडून पहिला सामना घरी 0-2 हरूनही पॅरिसमध्ये 3-1 ने बाजी उलटवली, त्या रात्री प्रत्येक चाहत्याला वाटलं, हाच आपला माणूस! 28 मार्चला तीन वर्षांचा करार झाला. मोसम संपता संपता, आधीच खालच्या विभागात गेलेल्या हडर्सफिल्डशी बरोबरी आणि कार्डिफकडून घरच्या मैदानावर 0-2 हार. मोसमापुरता नेमलाय, तर मोसम संपेपर्यंत थांबायला काय हरकत होती? दुसरा क्लब त्यांना पळवून नेईल, अशी घाई कुठेच नव्हती.

चूक तिसरी: चुकीच्या वेळी निर्णय

2024 चा एफए कप जिंकल्यावर टेन हाग यांना ठेवायचं की नाही, यावर क्लबने आठवडे घालवले, इतरांशी बोलणीही केली. मग जुलैत करार वाढवला, त्यांच्या ओळखीचे डी लिख्ट आणि मझरावी विकत घेतले आणि 28 ऑक्टोबरला त्यांनाच काढलं. अमोरिम आले ते 3-4-3 ही रचना (तीन बचावपटू, चार मधले, तीन आक्रमक) घेऊन, मोसमाच्या ऐन मध्यात. या रचनेचा सगळा भार विंगबॅकवर, म्हणजे कडेने बचाव आणि हल्ला दोन्ही करणाऱ्या खेळाडूंवर असतो आणि तसे खेळाडू संघात जवळपास नव्हतेच. सरावाला निवांत आठवडाही नाही. 42 गुण, पंधरावं स्थान.

त्याच वर्षी लिव्हरपूलने काय केलं ते बघा. मॅनेजर क्लॉप यांनी जानेवारीतच जाहीर केलं की मोसमाअखेर जाणार. क्लबने आधी जुने क्रीडा संचालक मायकल एडवर्ड्स यांना परत आणलं, मग रिचर्ड ह्यूज यांना क्रीडा संचालक नेमलं आणि त्यानंतरच मॅनेजर म्हणून स्लॉट यांची निवड झाली. हातातल्या खेळाडूंना झेपेल असा फुटबॉल ते फेयेनूर्ड या डच क्लबमध्ये खेळवत होतेच. उन्हाळ्यात संघात उतरलेला नवा खेळाडू एकच, किएझा. चार सामने बाकी असताना लीग खिशात!

निकाल बिघडलेच तर?

काढण्याआधी तपासा: गोलच्या संधी तयार होतायत का? दुखापती किती? खेळाडू मॅनेजरने मागितलेले आहेत की दुसऱ्याच कुणी लादलेले? सराव आणि मैदानावरचा खेळ यांचा मेळ बसतोय का? या उत्तरांत सुधारणा दिसत असेल, तर गुणतक्ता वाईट असला तरी थांबावं. सुधारणा नसेल, तर नुसत्या संयमाने काही होत नाही. मॅनेजर आर्टेटा यांच्या हाताखाली आर्सेनल ओळीने दोन मोसम आठवा आला. क्लबने त्यांना ठेवलं, तरुण खेळाडू घेतले, नको असलेले मोठ्या पगाराचे खेळाडू करार तोडूनही सोडले. 2023 पासून तोच संघ सलग तीन वर्षं दुसरा आला.