मरीन पायलट व्हायचंय? आधी शिडी बघायला शिका

पायलट म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर विमान येतं, म्हणून आधीच सांगतो, मी बंदरात जहाज आत-बाहेर नेणाऱ्या पायलटबद्दल बोलतोय. बऱ्याच बंदरांत त्यासाठी आधी जहाजावरचा कॅप्टनपर्यंतचा अनुभव मागतात. मीही तसाच आलो, कॅप्टन होतो म्हणून थोडी गुर्मी पण होती, आणि ती पहिल्याच आठवड्यात पायलट बोटीवरच्या, म्हणजे पायलटला जहाजापर्यंत नेणाऱ्या छोट्या बोटीवरच्या, एका खलाशाने उतरवली. त्यांना आम्ही काका म्हणायचो.

ब्रिजवरचं, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या वरच्या केबिनमधलं, काम अवघड आहे पण शिकता येतं. वर गेलं की कॅप्टनकडून पायलट कार्ड म्हणजे जहाजाच्या माहितीचा कागद घ्यायचा, ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बसलंय) किती, इंजिन कसं रिस्पॉन्स देतं, थ्रस्टर (जहाज बाजूला ढकलणारा पंखा) चालू आहे का, आपला प्लॅन त्याला सांगायचा. ऑर्डर तुम्ही देता पण जहाजाची जबाबदारी बहुतेक ठिकाणी कॅप्टनचीच राहते, त्यामुळे तिथे साहेबगिरी चालत नाही. उथळ पाण्यात वेग वाढवला की जहाज खाली बसतं, त्याला स्क्वॉट म्हणतात, आणि वेग दुप्पट केला तर ते बसणं साधारण चौपट होतं, हे एकदा डोक्यात बसलं की हात आपोआप आखडता राहतो. हे सगळं सिम्युलेटरवर घोटून घेतात.

पण ब्रिजवर पोचायला आधी बोटीतून जहाजाच्या बाजूला सोडलेल्या दोराच्या शिडीने वर चढावं लागतं, आणि ती शिडी मात्र सिम्युलेटरवर कळत नाही. पहिल्या आठवड्यातली रात्र, बोट दोनेक मीटर वर-खाली होतेय, जहाजाने वळून आम्हाला आडोसा दिलाय तरी पाणी उसळतंय, आणि मी वर डेककडे बघत उभा. मागून काकांनी लाइफजॅकेटचा पट्टा धरला आणि म्हणाले, "साहेब, वर काय बघताय, दोर बघा." मग "थांबा… थांबा… आता!" बोट लाटेच्या माथ्यावर असताना पाय टाकायचा आणि लगेच तीन-चार पायऱ्या चढून जायचं, कारण तीच बोट पुढच्या लाटेबरोबर परत वर येते आणि मधे तुमचे पाय असतात. हाताने पायरी धरायची नाही, बाजूचे दोर धरायचे.

आणि चढायच्या आधी शिडी नीट बघा. पायऱ्या आडव्या आहेत का, शिडी जहाजाच्या अंगाला टेकलीये का, चढ ९ मीटरपेक्षा जास्त असेल तर सोबत गँगवे (जहाजाच्या बाजूला लावायचा तिरका जिना) लावलाय का, नुसत्या शिडीने तेवढं चढवायला नियमातच परवानगी नाही. एकदा शिडी वर ओढायचा दोर थेट सगळ्यात खालच्या पायरीला बांधलेला दिसला, खाली मोठा लूप लोंबतोय. तो शेवटच्या स्प्रेडरला (शिडी पिळू नये म्हणून असलेली लांब पायरी) किंवा त्याच्या वर बांधायचा असतो, नाहीतर बोटीत अडकतो आणि बोट खाली गेली की शिडीच ओढली जाते, तुमच्यासकट. मला तो दिसलाच नव्हता, काकांनी टॉर्च मारून दाखवला. मी नाही म्हटलं, वरचा ऑफिसर वैतागला, जहाज उशीर होतंय वगैरे ऐकवलं, पण शिडी परत लावेपर्यंत आम्ही बाजूला फिरत राहिलो. नवीन माणसाला हे नाही म्हणणंच सगळ्यात जड जातं, आपण घाबरट दिसू असं वाटतं. दिसा.

बोट चालवणाऱ्या सारंगाचं कौशल्य तर कोणी मोजतच नाही. चालत्या जहाजाच्या अंगाला बोट चिकटवून ठेवायची आणि मग सुटायचं, तेव्हा जहाज बोटीला ओढून धरतं, अनुभव नसेल तर मागची बाजू आपटतेच. पायलट व्हायचं असो नसो, काही दिवस बोटीवर नुसते बसायला मिळाले तर बसा.

उतरणं चढण्यापेक्षा वाईट, कारण खालचं दिसत नाही, खलाशाच्या आवाजावर पाय टाकायचा. बॅग पाठीवर घेऊ नका, दोराने वर-खाली पाठवा. आणि ग्लोव्ह्ज भिजल्यावर पण पकड राहील असे घ्या, मी पहिले स्वस्तातले घेतले होते, दुसऱ्याच रात्री फेकले.