व्यावसायिक इमारतीच्या सपाट छतासाठी मेंब्रेन कसं निवडावं?

गोदामात किंवा ऑफिसात वरून पाणी टपकायला लागलं की बहुतेक जण लगेच मेंब्रेनचे (छतावर घालायच्या जलरोधक थराचे) दर मागवतात. दर नंतर मागवा. कोणतं मेंब्रेन चालेल हे छत बघूनच ठरतं, म्हणून आधी वर चढा.

१. पाहणी करा

पाऊस थांबून ४८ तास झाल्यावरही जिथे पाणी साचलेलं दिसेल, त्या जागेभोवती खडूने रेघ मारा. तिथे उतार कमी आहे आणि तो मेंब्रेनने भरून निघत नाही. १ सेंटिमीटर खोल पाणी साचलं, तरी दर चौरस मीटरवर १० किलो भार येतो. आधी उतार सुधारून घ्या. साधारण ५० फुटांना १ फूट असा उतार चांगला.

मग ओल तपासा. प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडांनी टेप लावून स्लॅबवर रात्रभर ठेवा. सकाळी खालच्या बाजूला थेंब दिसले तर स्लॅब अजून सुकलेला नाही. अशा स्लॅबवर मेंब्रेन चिकटवलं तर उन्हात आतल्या ओलीची वाफ होते आणि फुगे येतात.

२. छतावर काय काय असणार ते लिहून काढा

एसीची युनिट्स, सोलर पॅनेल, दुरुस्तीला येणाऱ्यांची ये-जा, स्वयंपाकघराच्या धुराड्यातून येणारं तेल. निम्मी निवड या यादीतच होऊन जाते.

३. प्रकार ठरवा

धुराड्यातून तेलकट धूर येत असेल तर ईपीडीएम नको. हे रबर ऊन आणि थंडी उत्तम सोसतं, पण तेल लागलं की फुगतं. तिथे पीव्हीसी घ्या. मात्र पीव्हीसी जुन्या डांबरी थरावर थेट अंथरू नये. त्याला लवचीक ठेवणारी द्रव्यं निघून जातात आणि ते कडक होऊन तडकतं. मध्ये फेल्टसारखा विलग करणारा थर हवाच.

छत मोठं, मोकळं आणि दिवसभर उन्हात असेल तर माझी पसंती पांढऱ्या टीपीओला (ही एक प्लास्टिकसारखी शीट). ते ऊन परतवतं, शिवाय त्याचे जोड गरम हवेने वितळवून एकजीव करता येतात.

मॉडिफाइड बिटुमेन (सुधारित डांबराची शीट) ३-४ मिलिमीटर जाड असतं, त्यामुळे वर्दळ सोसतं. ते बहुधा गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीने चिकटवतात, म्हणून खाली लाकूड किंवा पेट घेणारं इन्सुलेशन असेल तर उघडी ज्योत टाळा. पाइप आणि स्टँड इतके दाटीने असतील की शीट कापून कापून बसवावी लागेल, तर लिक्विड पॉलीयुरेथेन (पातळ स्वरूपात लावायचं मेंब्रेन) बरं.

४. जाडी

टीपीओ आणि पीव्हीसी साधारण १.२, १.५ आणि २ मिलिमीटर जाडीत मिळतं. माणसं चालणार असतील तर १.५ च्या खाली जाऊ नका. वाऱ्याची ओढ कोपऱ्यांत आणि कडांना सर्वांत जास्त असते. तिथे फास्टनर (मेंब्रेन छताला पक्कं धरणारे स्क्रू) एकमेकांच्या जवळ हवेत.

५. जोड आणि कडा यांचा तपशील लेखी घ्या

सपाट भागातून पाणी क्वचितच शिरतं. ते कठड्याच्या बुंध्याशी, पाइपभोवती आणि आउटलेटच्या (पावसाचं पाणी बाहेर जाण्याच्या भोकाच्या) तोंडाशी वाट काढतं. म्हणून कोटेशनमध्ये नुसता चौरस फुटाचा दर बघू नका. मेंब्रेन कठड्यावर किती चढवणार (तयार पृष्ठभागापासून किमान १५० मिलिमीटर), वरची कड कशाने दाबणार, आउटलेटमध्ये किती आत वळवणार, हे सगळं त्यात हवं. वॉरंटी फक्त मालाची की मजुरीचीही, आणि साचलेल्या पाण्याने झालेलं नुकसान तीत धरलं आहे का, तेही वाचा.

६. पैसे चुकते करण्याआधी तपासा

वेल्ड केलेला प्रत्येक जोड गार झाल्यावर त्याच्या कडेवरून बोथट टोकाचं हत्यार दाबत न्या. टोक आत घुसलं तर तिथे वेल्ड कच्चं आहे. छत तेवढा भार पेलेल असं इंजिनिअरने सांगितलं तर आउटलेट बंद करून २४ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या मजल्यावरून छत न्याहाळा. एसीचे स्टँड आणि पॅनेल त्यानंतरच वर चढवा, आणि त्यांच्या पायांखाली मेंब्रेनचाच जादा तुकडा घाला.