पगारी पीएचडी शोधताना

एमएस्सी झाली, पण नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) हुकली. स्वतःच्या खिशातून पीएचडी परवडणारी नव्हती. मार्ग निघाला तो प्रवेशाची पानं सोडून नोकरीच्या जाहिराती वाचायला लागल्यावर. जर्मनी, नेदरलँड्समध्ये पीएचडी बहुधा पगारी नोकरीच असते. अशा जागा युरॅक्सेस या युरोपातल्या संशोधन-नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर लागतात. मेरी क्युरी डॉक्टरल नेटवर्क या युरोपीय संघाच्या पीएचडी योजनेची अट तर आपल्या सोयीची: ज्या देशात जागा आहे, तिथे आधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. (आम्ही कुठे लोणावळ्यापलीकडे गेलोय!) दरम्यान पुण्यातल्या आयसर, एनसीएल या संशोधन संस्थांच्या संकेतस्थळांवर प्रोजेक्ट असोसिएटच्या (प्रकल्पावरच्या संशोधन सहायकाच्या) जागा बघत राहिले, त्यातल्या काहींना नेट लागत नाही, मुदत मात्र प्रकल्पापुरती. प्रत्येक संशोधन गटाचे ताजे पेपर वाचून अर्जाचं पत्र वेगळं लिहिलं, तेव्हा कुठे प्राध्यापकांची उत्तरं आली. सध्या पाषाणला एका प्रकल्पावर आहे, परदेशी अर्ज चालूच आहेत.