नकाशावर ठिपका आला, एवढ्यावर जीपीएस पास करू नका

राउटर म्हटलं की घरातला वायफायचा डबा डोळ्यांसमोर येतो. पण बस, अॅम्ब्युलन्स, केळीचे ट्रक यांत जे राउटर बसवतात, त्यांत सिमकार्डाच्या जोडीला जीपीएस रिसीव्हरही असतो. गाडी कुठे आहे ते राउटर ठरावीक सेकंदांनी सर्व्हरला कळवत राहतो आणि त्या आकड्यांवर माणसं विसंबून असतात. शाळेची बस जवळ आल्याचं मोबाइलवर दिसलं की आई मुलीला घ्यायला निघते. रावेरहून केळी भरून उत्तरेकडे गेलेला ट्रक कुठे थांबलाय, हे व्यापारी त्याच नकाशावर बघतो. मी जळगावात राहून हे राउटर तपासायचं काम करते. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करून नवी मुलं-मुली आमच्याकडे येतात, त्यांना मी एक गोष्ट आधी सांगते: ठिपका न दिसणं परवडतं, चुकीच्या जागी दिसणं परवडत नाही. न दिसणाऱ्या ठिपक्याबद्दल लोक फोन करून विचारतात. चुकीच्या ठिपक्यावर मात्र विश्वास ठेवून मोकळे होतात.

आधी आभाळातलं थोडं समजून घ्या. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि आपले साधे रिसीव्हर त्यांचा १५७५.४२ मेगाहर्ट्झचा सिग्नल ऐकतात. जमिनीवर पोचेपर्यंत तो साधारण उणे १३० डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) इतका क्षीण झालेला असतो, म्हणजे नॉइजच्या, आसपासच्या गोंगाटाच्याही खाली. कोडच्या आधाराने रिसीव्हर तो उकरून काढतो. जागेचे तीन आकडे आणि घड्याळातला फरक मिळून चार अज्ञात, म्हणून किमान चार उपग्रह हवेत. इंटरव्ह्यूमध्ये हे विचारतात, आणि 'तीन पुरेत' म्हणून बरेच जण अडकतात. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला ५० बिट अशा संथ गतीने पाठवतो. ती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते, पण सगळ्या उपग्रहांचा अल्मनॅक, म्हणजे कोण साधारण कुठे आहे याची यादी, पुरी मिळायला साडेबारा मिनिटं लागतात. त्यामुळे बरेच दिवस बंद असलेला राउटर खिडकीशी ठेवून चालू केला आणि पाच मिनिटांत फिक्स आला नाही, म्हणजे जागा पक्की झाली नाही, तर लगेच बग लिहू नका. गच्चीवर जा. खान्देशात पावसाळ्याचे महिने सोडले तर मोकळ्या आभाळाला तोटा नाही.

गच्चीवरही फिक्स येत नसेल तर अँटेनाचं टोक बघा. वायफायच्या अँटेनाचं टोक बऱ्याचदा उलट पिनचं असतं. ते जीपीएसच्या जागी फिरवलं तर आटे व्यवस्थित बसतात, पण मधली पिन टेकतच नाही. शिवाय या राउटरांना जीपीएसचा अँटेना सहसा अॅक्टिव्ह, म्हणजे आत अॅम्प्लिफायर असलेला लागतो, त्याला वायरीतूनच ३ ते ५ व्होल्ट मिळावे लागतात. हे मल्टिमीटरने मिनिटभरात कळतं, तरी लोक आधी फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलत बसतात.

आता राउटरच्या आत. रिसीव्हर सीरियल पोर्टवर एनएमईए ०१८३ या पद्धतीच्या ओळी टाकतो. ओपनडब्ल्यूआरटीसारख्या राउटरसाठीच्या लिनक्सवर जीपीएसडी नावाची सेवा त्या वाचते आणि २९४७ या पोर्टवर इतर प्रोग्रॅमना देते. तिथून पुढे सर्व्हरकडे पाठवणारी सेवा, एनटीपी म्हणजे वेळ देणारी सेवा, आणि आखून दिलेली हद्द गाडीने ओलांडली की कळवणारी सेवा, अशी रांग लागते. प्रत्येक टप्पा वेगळा तपासायचा. सीरियल पोर्टवर ओळी येतायत का, जीपीएसडी त्या देतो का, राउटरच्या बाहेर पॅकेट पडतं का, सर्व्हरने ते तसंच साठवलं का. एक बारकावा लक्षात ठेवा: कुणी विचारत नाही तोवर जीपीएसडी रिसीव्हरला हातच लावत नाही. सुरू होतानाच वाचायला लागावं म्हणून त्याला 'एन' हा पर्याय द्यावा लागतो. तो दिलेला नसला की तुम्ही स्क्रीनवर बघत असता तेव्हा एनटीपी चालतं आणि स्क्रीनवरची ती खिडकी बंद केली की थांबतं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र त्या एनएमईए ओळींवर घालवा. जागा, वेळ आणि वेग एकत्र देणाऱ्या ओळीला आरएमसी म्हणतात. जळगावातली अशी एक ओळ अशी दिसेल: वेळ १८३५१२, मग 'ए', मग २१००.६०००, एन, ०७५३४.२०००, ई, मग वेग, दिशा, तारीख आणि शेवटी चेकसम, म्हणजे ओळ वाटेत बिघडली नाही ना हे पडताळायचा आकडा. यात २१००.६ म्हणजे २१ अंश ००.६ मिनिटं, दशांशात २१.०१. आणि ०७५३४.२ म्हणजे ७५ अंश ३४.२ मिनिटं, दशांशात ७५.५७. सर्व्हरच्या प्रोग्रॅमने नुसताच शंभराने भाग दिला तर ७५.३४२ येतं, आणि जळगावात उभी असलेली बस पश्चिमेला चोवीसेक किलोमीटरवर, धरणगावच्या बाजूला दिसते. नकाशा उघडतो, ठिपका खान्देशातच असतो, बस हलली की तोही हलतो. बाहेरून आलेल्या टेस्टरला हे खटकणारच नाही. इथला रस्ता पायाखालचा असलेल्या माणसाला खटकतं, आणि म्हणून हे काम इथल्या मुलांनी करावं असं मला मनापासून वाटतं.

त्याच ओळीतली वेळ यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ आहे. १८:३५ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे १२ वाजून ५ मिनिटं, आणि ओळीतली तारीख अजून आदल्या दिवशीचीच असते. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतला लॉग एकदा तरी तपासा, कारण तारखेची गडबड दिवसा सापडत नाही. वेग नॉटमध्ये असतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. ताशी साठने धावणारी बस बत्तीसने दिसत असेल तर कारण हेच.

'ए' या अक्षराची टेस्ट मी कधीच गाळत नाही. 'ए' म्हणजे फिक्स ग्राह्य, 'व्ही' म्हणजे अग्राह्य. गच्चीवर चांगला फिक्स आला की अँटेनावर स्टीलची मोठी परात पालथी घाला. जीएसव्ही ओळींमध्ये प्रत्येक उपग्रहाच्या सिग्नलचा आकडा असतो. चाळिशीतले आकडे भराभर खाली येतात, काही जागा रिकाम्या होतात आणि थोड्या वेळात 'ए'चा 'व्ही' होतो. आता सर्व्हरवर बघा. राउटरने 'फिक्स नाही' असं कळवलं तर उत्तम. काहीच पाठवलं नाही तरी चालेल, फक्त मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं असावं. शून्य अक्षांश, शून्य रेखांश पाठवलं तर गाडी आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात दिसते. तो दोष असला तरी निदान लक्षात येतो. पण जुनीच जागा आत्ताची वेळ लावून पाठवत राहिला, तर बाकी सगळं कितीही चांगलं असो, तो राउटर फेल. अपघात झालेली गाडी तासभर आधीच्या जागी शोधायला लोक जातील.

मग नेटवर्क तोडा. मोबाइल सिमला सहसा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता, मिळत नाही, त्यामुळे सर्व्हर राउटरपर्यंत आपण होऊन पोचू शकत नाही. राउटरनेच माहिती ढकलावी लागते. यूडीपीने, म्हणजे पोचपावती न घेणाऱ्या पद्धतीने, पाठवत असेल तर वाटेत हरवलेलं पॅकेट हरवलंच. म्हणून नेटवर्क नसताना राउटर नोंदी साठवतो का आणि नेटवर्क आल्यावर सोडतो का, हे बघायचं. सर्व्हरने त्या जीपीएसच्या वेळेनुसार लावल्या पाहिजेत, पोचल्याच्या वेळेनुसार नाही. नाहीतर गाडी नकाशावर मागेपुढे उड्या मारते. टेबलावर सिम काढून हे बघता येतं, पण खरी परीक्षा धडगाव-तोरणमाळच्या रस्त्यावर, जिथे नेटवर्क येतं-जातं. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना वेगळंच दिसतं: एका बाजूला कडा, अर्धं आभाळ झाकलेलं, सिग्नल दगडावर आपटून येतो आणि ठिपका रस्ता सोडून दरीत सरकतो. तिथे एचडीओपीचा आकडा वाढतो; तो जितका मोठा तितकी जागा कमी भरवशाची. तो आकडा सर्व्हरपर्यंत जात नसेल तर जावा, असं रिपोर्टमध्ये लिहा.

अनेक राउटरांत बॅटरीवरचं घड्याळ नसतं. चालू झाल्यावर त्यांची तारीख जुनी असते, मग सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट अवैध ठरतं आणि सुरक्षित कनेक्शनच जुळत नाही. अशा वेळी जीपीएसची वेळ कामाला येते, पण ती नीट घेतली जाते का ते बघावं लागतं. २०१७ पासून जीपीएसची घड्याळं यूटीसीपेक्षा १८ सेकंद पुढे आहेत. जीपीएसच्या जुन्या पद्धतीच्या संदेशात आठवड्याचा आकडा १०२३ नंतर पुन्हा शून्यावर येतो. हे ६ एप्रिल २०१९ ला झालं आणि पुढे नोव्हेंबर २०३८ मध्ये होईल. राउटर साडेएकोणीस वर्षं मागची तारीख दाखवत असेल तर संशय तिथे घ्या.

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि बंद बसच्या डॅशबोर्डखाली त्याहून जास्त. दुपारी दोनला उन्हात उभ्या गाडीत राउटर रीबूट करून फिक्सला किती वेळ लागतो ते एकदा मोजाच.

सुरुवातीला महागडी उपकरणं लागत नाहीत. ओपनडब्ल्यूआरटी चालणारा, यूएसबी पोर्ट असलेला जुना राउटर, यूएसबीचा जीपीएस रिसीव्हर आणि लिनक्सची तोंडओळख एवढं पुरे. लालपरीने जळगावहून धुळ्याला जाताना खिडकीशी रिसीव्हर ठेवा आणि सगळ्या एनएमईए ओळी फाइलमध्ये भरून घ्या. घरी आल्यावर जीपीएसडीसोबत येणाऱ्या जीपीएसफेक या साधनाने तोच प्रवास हवा तितक्या वेळा परत चालवून बघता येतो. मधल्या ओळी काढून बघा, चेकसम बिघडवून बघा, 'ए'च्या जागी 'व्ही' घाला आणि चेकसम पुन्हा जुळवून द्या. प्रत्येक वेळी राउटरने पुढे काय पाठवलं ते ओळीच्या शेजारी लिहून ठेवा. ती वही घेऊन इंटरव्ह्यूला या. आम्ही मार्कशीटच्या आधी ती बघतो.