गोव्याच्या बंद खाणपट्ट्यात गाडीने कसे फिरावे

ओसाड तांबडी माती, पायऱ्यांसारख्या कापलेल्या दरडी आणि सावलीला झाड नाही, असा मुलूख पाहायला गोव्यातून राजस्थान गाठायला नको. मडगावहून निघून एका दिवसात सगळे बघून होते.

आधी खाणीची स्थिती विचारा. सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यामुळे मार्च २०१८ मध्ये लोहखनिजाच्या ८८ लीजवरचे, म्हणजे भाडेपट्ट्याने दिलेल्या खाणींवरचे काम थांबले. त्यानंतर लिलाव होऊन डिचोलीकडे काही खाणी पुन्हा सुरू झाल्या, म्हणजे तिथे खनिज वाहणारे टिपर ट्रक धावतात. खाण बंद असली तरी ती बेवारस नसते. परवानगीशिवाय फाटकाच्या आत जाऊ नका आणि रखवालदाराशी हुज्जत घालू नका. तो बहुधा त्याच गावचा असतो. रस्त्यावरून खाणीचा खोल खंदक कुठून दिसतो, हे नीट विचारले तर सांगतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. पावसात डंपची, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाची, माती रस्त्यावर येते, आणि ओल्या तांबड्या चिखलावर दुचाकी हमखास घसरते. पेट्रोल वाटेवरच्या केपे गावातच भरा, नकाशा फोनवर उतरवून ठेवा. भाजी-पावही तिथेच खाऊन घ्या.

वाट अशी धरा: मडगाव, केपे, तिळामळ, रिवण. पुढे कुशावतीच्या काठी पणसायमळला जांभ्या खडकावर कोरलेली प्रागैतिहासिक चित्रे आहेत: बैल, हरणे, एक वर्तुळाकार चक्रव्यूह. त्यांवर पाय देऊ नका. सकाळच्या तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात, भर दुपारी मात्र शोधत बसावे लागते.

डोंगर की डंप, हे ओळखायला शिका. माझ्या मते खरी मजा इथेच आहे. डंपचा माथा सपाट असतो, उतार टप्प्याटप्प्यांचा, त्यावर पावसाने पाडलेल्या घळी आणि एकाच उंचीची आकेशियाची झाडे. खऱ्या डोंगरावर काजू, किंदळ, रानवेली यांची सरमिसळ दिसते. रस्त्याकडेचा काळपट दगड उचलून बघा. हाताला जड लागला आणि फरशीच्या खरखरीत पाठीवर घासल्यावर तांबूस-तपकिरी रेघ उमटली, तर तो हेमॅटाइट, म्हणजे लोहखनिज. बोटे काळी झाली तर मँगनीज असू शकेल. या बाजूला त्याच्याही खाणी होत्या. बघून झाले की दगड तिथेच ठेवा, खनिज घरी नेऊ नये.

खंदकात उतरू नका. भूजलाच्या पातळीखाली खोदताना पंपाने पाणी उपसावे लागते. पंप थांबले की खंदक भरतो. याला तळ्यासारखा उथळ काठ नसतो. एक टप्पा संपला की थेट खोल पाणी, वर कडेची माती भुसभुशीत. मुले सोबत असतील तर गाडीतूनच दाखवा.

वेळ उरला तर नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी बघा, पण अंधाराआधी परतीला लागा. अभयारण्याच्या या रस्त्यावर गवे आडवे येतात.