गॅलेक्सीचा आकार कसा ओळखायचा, आणि त्यावरून तिचा इतिहास कसा कळतो

मुंबईतून आकाशात गॅलेक्सी, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा प्रचंड समूह, शोधण्यात अर्थ नाही, लाइट्सच इतके आहेत. देवयानी ही शेजारची गॅलेक्सी बघायचीच असेल तर नोव्हेंबरच्या अमावास्येला वांगणीच्या बाजूला जा. पण आकार ओळखायला घरचा लॅपटॉप पुरतो, 'गॅलेक्सी झू' ही साइट २००७ पासून चालू आहे, खरे फोटो येतात समोर, काय दिसतंय ते आपण सांगायचं, आणि संशोधक ती उत्तरं खरंच वापरतात.

आधी बघा, फिरकीसारखे हात दिसतात का. नुसता गुळगुळीत गोळा असेल तर ती लंबगोल, खगोलशास्त्रज्ञ हबलच्या १९२६ च्या वर्गीकरण पद्धतीत 'ई'. आता सरळ फूटपट्टी लावा स्क्रीनला. लांबी १० सेंमी, रुंदी ७ आली, तर रुंदी भागिले लांबी ०.७, ते १ मधून वजा करून १० ने गुणा, झाली ई३. पूर्ण गोल ती ई०, सगळ्यात चपटी ई७.

हात असतील तर सर्पिल. मधला फुगवटा मोठा, हात घट्ट गुंडाळलेले तर 'एसए', फुगवटा छोटा आणि हात मोकळे तर 'एससी', मधली 'एसबी'. मधून सरळ पट्टा जात असेल तर पट्टेदार, आपली आकाशगंगा त्यातलीच. कशातच बसत नसेल तर अनियमित, पुढे चला.

आता खरी मजा. गॅसचे ढग एकमेकांवर आपटतात तेव्हा ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते, वरखाली हालचाल थांबते पण गरगर फिरणं राहतं, म्हणून चपटी तबकडी बनते, हाफ फ्राय अंड्यासारखी, मध्ये फुगवटा. म्हणजे सर्पिल दिसली की समजा गॅस शिल्लक आहे, निळे तरुण तारे अजून बनतायत, आणि बऱ्याच काळात मोठी टक्कर झालेली नाही. दोन मोठ्या गॅलेक्सी धडकून एक झाल्या की ताऱ्यांच्या कक्षा वाट्टेल तशा विस्कटतात आणि लंबगोल उरते, म्हातारे लालसर तारे, नवे जवळजवळ नाहीत. एम८७ ही लंबगोल गॅलेक्सी बघा, कन्या राशीतल्या गॅलेक्सींच्या गर्दीत बसलीय, अशा गर्दीतच लंबगोल जास्त सापडतात.

आणि हबलचा हा तक्ता, आधी लंबगोल मग सर्पिल, वयाचा क्रम म्हणून वाचू नका प्लीज, लंबगोलची पुढे सर्पिल होते असं अजिबात नाही.

एक सांभाळा, सर्पिल कडेने दिसली तर हात दिसतच नाहीत, मग मधोमध धुळीची काळी रेघ शोधा, ती असली तर बहुतेक तबकडीच.