उन्हाळ्यातील कीटकनिरीक्षण : या चुका टाळा

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी गायरानात किंवा पाझर तलावाच्या काठावर फेरी मारून ‘येथे कीटकच नाहीत’ असा निष्कर्ष काढणे, ही सर्वांत मोठी चूक होय. पारा चाळिशीपलीकडे गेला की बहुतेक कीटक पानांखाली, सालीच्या फटींत किंवा मातीत आसरा घेतात. उघड्या काटकीवर बसून राहिलेला चतुर (ड्रॅगनफ्लाय) आपले लांब पोट सूर्याच्या दिशेने सरळ उभे करतो, ते अंगावर कमीत कमी ऊन पडावे म्हणून. निरीक्षणासाठी सकाळी सात ते दहा ही वेळ उत्तम. वळवाच्या पावसानंतर मात्र दिवस मावळल्यावरही जावे, कारण तेव्हा हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीचा पाला खाण्यासाठी जमतात.

दुसरी चूक केवळ रंगावरून नाव ठरवण्याची. रुईजवळ दिसलेले प्रत्येक नारिंगी फुलपाखरू प्लेन टायगरच असेल, असे नाही. या फुलपाखराच्या अळ्या रुईचा पाला खाऊन तिच्या चिकातील विषारी घटक अंगात साठवतात, त्यामुळे पक्षी त्याला टाळतात. डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी प्लेन टायगरचेच रूप घेऊन स्वतःचा बचाव करते. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी काळ्या ठिपक्यांचा पुंजका असतो, तर या मादीच्या मागच्या पंखाच्या वरच्या कडेला एकच काळा ठिपका असतो. म्हणून पंख उघडे असतानाचे आणि मिटलेले असतानाचे, अशी दोन्ही छायाचित्रे घ्यावीत.

फुलावरील पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या प्रत्येक कीटकाला मधमाशी म्हणू नये. पंख एकच जोडी आणि मिशा अगदी आखूड असल्यास ती फुलांवरची साधी माशी असते. रात्री दिव्याजवळ आलेल्या, टाचणीसारख्या (चतुराच्या नात्यातला सडपातळ कीटक) दिसणाऱ्या कीटकाच्याही मिशा पाहाव्यात. टाचणीच्या मिशा केसासारख्या बारीक असतात. त्या जाड, लांब व टोकाशी फुगीर असतील, तर तो अँटलायन होय, ज्याच्या अळ्या कोरड्या मातीत नरसाळ्यासारखे खड्डे करून मुंग्या पकडतात. मृगाचा मखमली किडा तर कीटकच नव्हे. त्याला आठ पाय असतात व तो कोळ्यांच्या नात्यातला आहे.

नोंदीत तारीख, वेळ आणि कीटक ज्या झाडावर दिसला त्याचे नाव अवश्य लिहावे. खात्री नसल्यास जातीचे नाव ओढूनताणून न लावता ‘टाचणी, लहान, निळसर’ एवढेच लिहावे. अशी नोंद पुढे छायाचित्राच्या आधारे पूर्ण करता येते.